भिंगरीला काम हवं होतं

मुलांनो, नांदेडहून हिंगोलीला एस.टी.नं निघालात, की वाटेत आमचा वारंगा फाटा लागतो. कळमनुरी तालुक्यातलं हे गाव. इथून एक रस्ता नांदेडला जातो, एक हिंगोलीला आणि एक हदगावमार्गे यवतमाळकडे. त्यामुळे फाट्यावर रात्रंदिवस ट्रकांची वर्दळ. इथली गरमागरम खिचडी आणि भजी खाल्ल्याशिवाय पुढं जायचं नाही, असा कितीतरी प्रवाशांचा शिरस्ताच आहे.

याच फाट्यावर आमचं घर. घरात मी, मुलीचे बाबा, आजी, चौथीतली माझी मुलगी आणि पाचवी भिंगरी. भिंगरी म्हणजे आमची मांजर, बरं का!

२०२३च्या पावसाळ्यात शाळेच्या व्हरांड्यात हे मुठीएवढं पिल्लू कुडकुडत बसलं होतं. मी ते ओढणीत गुंडाळून घरी आणलं. दोन महिन्यांत त्यानं असं काही अंग धरलं, की मुलीनं नाव ठेवलं ‘भिंगरी’. आणि नावाप्रमाणेच वागली हो ती!

पहाटे साडेचारला बाईसाहेबांचा दिवस सुरू व्हायचा. पेटीवरून फडताळावर, फडताळावरून माळ्यावर आणि माळ्यावरून धप्पकन आमच्या अंगावर. पडद्यांच्या चिंध्या झाल्या. मी तपासलेल्या पेपरांचा गठ्ठा दोनदा घरभर उडाला. शेजारच्या काकूंनी दळून आणलेली हळद परातीत पसरली होती. भिंगरी त्यातून पळाली ती थेट धुतलेल्या चादरीवर. लक्ष्मीच्या पावलांसारखी पिवळी पावलं उमटली! आम्ही हसलो, काकू काही हसल्या नाहीत.

पण एका संध्याकाळी हसू पार मावळलं. आजी अंधारात देवघराकडे निघाल्या होत्या. भिंगरीनं कोपऱ्यातून त्यांच्या पायावर झेप घेतली. आजींचा तोल गेला. भिंतीचा आधार मिळाला म्हणून वाचल्या. पायावर नखांचे ओरखडे उठले. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली चांगली पंधरा मिनिटं धुतली आणि लगेच सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस घेतली. (मुलांनो, मांजर चावलं किंवा त्याचं नख लागून रक्त आलं, तर घरी लपवू नका. रेबीज कुत्र्यापासूनच होतो असं नाही.)

घरी आल्यावर आजी म्हणाल्या, “माझं हाड मोडलं असतं तर? हिला कुठंतरी सोडून ये.”

आणि मी तयार झाले. हो, तुमच्यासारख्या लेकरांना वर्गात भूतदया शिकवणारी मी! मुलीला सांगितलं, “भिंगरी मावशीकडे राहायला जातेय.” रविवारी सकाळी भिंगरीला पोत्यात घातलं, तोंड सुतळीनं बांधलं, पोतं स्कूटीवर पायाशी ठेवलं आणि निघाले. सात-आठ किलोमीटरवर एखाद्या शेतात सोडायचं ठरवलं होतं. आधी ती पोत्यात खूप धडपडली, ओरडली. फाट्यावर आले, तर पोतं एकदम गप्प! मी घाबरून गाडी थांबवली. पोत्याला हात लावला, तर आत ती थरथरत होती. दिवसभर जी क्षणभर स्थिर नसायची, ती भीतीनं दगड झाली होती.

तेवढ्यात मागून आवाज आला, “बाई, पोत्यात काय हाय?”

माझ्याच वर्गातली, तिसरीतली मुलगी. वडिलांबरोबर बाजाराला आली होती. काय सांगावं मला सुचेना. खोटं बोलावं तर शिक्षिका, खरं बोलावं तर लाज. शेवटी खरं सांगितलं, “मांजर आहे गं. फार वांड आहे, म्हणून सोडायला चालले.”

तिनं पोत्याला कान लावला आणि म्हणाली, “बाई, ती वांड न्हाई. तिला काम न्हाई. आमच्या वावरातली मांजर दिसभर उंदरामागं पळती, मग गुमान झोपती.”

मुलांनो, डी.एड. करताना ‘मूल खेळातून शिकते’ हे पाठ करून मी चांगले मार्क मिळवले होते. पण ते घरातल्या मांजराच्या बाबतीत मला एका तिसरीतल्या पोरीनं समजावलं. मी गाडी वळवली. घरी येऊन मुलीला सगळं खरं सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मला ते बोलणी खाण्यापेक्षा जास्त लागलं.

मग भिंगरीला घेऊन पशुवैद्यकीय दवाखाना गाठला. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, ते तुम्हांलाही सांगते. मांजर दिवसाचे बारा ते सोळा तास झोपतं. पण पहाटे आणि तिन्हीसांजेला त्याच्या अंगात वारं शिरतं, कारण त्याच्या शिकारीची वेळ ती. रानात राहणारं मांजर एकदाच पोटभर खात नाही. उंदीर, पाखरू, टोळ अशा लहान लहान शिकारी दिवसातून अनेकदा करतं. दबा धरायचा, धावायचं, झेप घ्यायची, पकडायचं. मग खायचं, अंग चाटायचं आणि झोपायचं, असा त्याचा क्रम. आमच्या घरी खाणं आयतं ताटलीत यायचं. मग ती झेप जाणार कुठं? आजींच्या पायावर!

आम्ही वेळापत्रकच केलं. सकाळी आणि संध्याकाळी जेवणाआधी पंधरा-पंधरा मिनिटं भिंगरीचा खेळ. काठीला दोरी, दोरीला चिंधी. मुलगी चिंधी उंदरासारखी फरफटवते आणि शेवटी भिंगरीला ती पकडू देते. पकडायलाच मिळालं नाही, तर मांजर चिडतं. खेळ झाल्यावर लगेच खाणं. खाणं झालं की चाटणं, आणि मग गाढ झोप! खेळ संपला की दोरी कपाटात ठेवायची, कारण ती गिळली तर मांजराच्या आतड्यात अडकते. हातापायांशी मात्र कधीच खेळवायचं नाही; आम्ही लहानपणी तिला बोटं चावू दिली होती, तिथंच आमचं चुकलं होतं. खिडकीजवळ उंच फळी ठोकली, म्हणजे चढायची हौस भागते. दुधाऐवजी उकडलेलं अंडं सुरू केलं, कारण मोठ्या झालेल्या पुष्कळ मांजरांना दूध पचत नाही. मूल न होण्याचं ऑपरेशन करून घेतलं आणि रेबीजची लस दिली. फाट्यावर ट्रकांची भीती, म्हणून रात्री ती घरातच.

महिनाभरात पहाटेची धुमाळी पुष्कळ कमी झाली. अगदी संपली असं नाही हं!

मग मला मांजरांबद्दल वाचायचा नाद लागला. जगात अशा अवखळ मांजरांच्या खास जाती आहेत. सयामी मांजर थायलंडचं. ते सारखं बोलत असतं. बंगाल मांजर अमेरिकेत जीन मिल नावाच्या बाईंनी रानातलं ठिपक्यांचं मांजर आणि घरचं मांजर यांच्या संकरातून पुढं आणलं. अबिसिनियन मांजराचं नाव इथिओपियाच्या जुन्या नावावरून पडलं. पण नेदरलँड्समधल्या लायडनच्या संग्रहालयात १८३०च्या दशकात आलेलं तसलंच एक पेंढा भरलेलं मांजर आहे आणि त्यावर नोंद आहे ती भारताची! या जातींची मांजरं दिसायला राजबिंडी. लोक रूप बघून ती आणतात आणि स्वभाव कळला, की कंटाळतात. आमची भिंगरी कुठल्याच जातीची नाही, गावठी आहे. पण पोत्याची वाट दोघींचीही सारखीच.

म्हणून पालकांनाही सांगते, मांजर आणण्याआधी त्याचा रंग पाहू नका, तुमचा दिवस पाहा. रोज अर्धा तास खेळायला कुणी आहे का? नसेल, तर शांत स्वभावाचं मोठं मांजर आणा. असेल, तर मात्र अवखळ मांजरासारखा सोबती नाही. माझी मुलगी आधी शाळेतून आली, की टीव्हीसमोर बसायची. आता दप्तर टाकते आणि काठी शोधते.

आजी? त्यांचा राग वर्षभर टिकला. परवा संध्याकाळी मुलगी तापानं झोपली होती. खेळाची वेळ झाली तशी भिंगरी दारात येऊन ओरडू लागली. मी स्वयंपाकघरातून डोकावले, तर आजी पलंगावर बसून जपमाळ बाजूला ठेवून काठी हलवत होत्या आणि म्हणत होत्या, “पकड गं पकड! एवढंच काम आहे तुला.”