धुरकट काचेची रॅम्बलर

नमनाला घडाभर तेल न घालता सांगून टाकतो, आजचा विषय प्लास्टिकच्या छोट्या गाड्या. बायकोने एवढं वाक्य वाचलं आणि "परत?" म्हणून आत निघून गेली. पुण्याची मावशी दर फोनला विचारते, "अजून ती खेळणी चिकटवत बसतोस का रे? त्याचे काही पैसे वगैरे मिळतात का?" मिळत नाहीत मावशी, जातात.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या हिश्शाएवढी गाडी, पण सुट्ट्या भागांत. डबा उघडला की प्लास्टिकच्या काड्यांना लगडलेले शंभरेक तुकडे निघतात. ते कापायचे, घासायचे, रंगवायचे आणि चिकटवायचे. इंजिन वेगळं, सीट वेगळ्या, स्टिअरिंग वेगळं. महिनाभर रात्री जागून ओंजळीत मावेल एवढी गाडी तयार होते. मग ती कपाटात जाते आणि बायको तिच्यावरची धूळ बघून उसासे टाकते.

आमच्यासारखे चार वेडे भेटले की एक वाद हमखास निघतो. जुन्या अमेरिकन मसल कारपैकी कुठल्या गाडीचं नवं किट निघायला हवं? जो तो आपल्या पहिल्या प्रेमाचं नाव घेतो. मीही घ्यायचो. पण गेल्या हिवाळ्यात माझ्या हातून एक घोटाळा झाला आणि तेव्हापासून या प्रश्नाला माझं उत्तर ठरून गेलं आहे.

मसल कार म्हणजे काय तर मध्यम आकाराची, साधीसुधी, घरगुती गाडी घ्यायची आणि तिच्यात थोरल्या गाडीचं दांडगं इंजिन कोंबायचं. सुरुवात १९६४ च्या पॉन्टिअॅक जीटीओपासून झाली असं बहुतेक लोक मानतात. मध्यम गाडीत ३३० घनइंचापेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही असा जनरल मोटर्सचा नियम होता. जॉन डीलोरिअन आणि त्याच्या मंडळींनी ३८९ घनइंचाचं इंजिन 'जादा सामान' म्हणून यादीत घुसवलं, म्हणजे कागदोपत्री ती वेगळी गाडी नाहीच! आपल्याकडच्या कुठल्याही सरकारी कचेरीत शोभेल अशी ही युक्ती. गाड्या धडाधड खपल्या आणि सगळ्या कंपन्या त्या मागे धावल्या. सात-आठ वर्षं ही धमाल चालली. मग विम्याचे हप्ते वाढले, १९७० चा प्रदूषणाचा कायदा आला, १९७३ मध्ये तेलाचा तुटवडा पडला आणि खेळ आटोपला.

आता त्या गाड्यांची किट्स बघा. १९६९ ची कॅमॅरो, हव्या तितक्या. मस्टँगला तर तोटाच नाही. १९६९ ची डॉज चार्जर १९७९ पासून टीव्हीवर 'जनरल ली' म्हणून उड्या मारायला लागली, तेव्हापासून तिचे डबे दुकानातून हललेले नाहीत. जीटीओचंही चांगलं किट निघून गेलं आहे. तरी नवीन काही येणार म्हटलं की पुन्हा यांच्यापैकीच कुणाचं तरी नाव पुढे येतं. लग्नाच्या पंगतीत यजमानांच्या व्याह्यालाच जिलबीचा आग्रह होत राहतो आणि कोपऱ्यातल्या पानाकडे कुणी फिरकत नाही, त्यातली गत.

कोपऱ्यातली पानं रिकामी का राहिली याला एक कारण आहे, आणि ते मला स्वतःला फार रंजक वाटतं. पन्नाशीच्या दशकात गाड्यांच्या शोरूममध्ये गिऱ्हाइकाला दाखवायला १:२५ मापाच्या छोट्या गाड्या ठेवत. त्यांच्याच साच्यांतून पुढे किट्स निघाली. एएमटी कंपनीने १९५८ मध्ये एकाच डब्यातून तीन प्रकारांनी जोडता येईल असं किट आणलं आणि पोरांच्या उड्या पडल्या. दर वर्षी खऱ्या गाडीचा तोंडवळा बदलायचा, तसा किटचाही बदलायला लागायचा. पण पोलादी साचा म्हणजे महाग वस्तू. मग काय, तोच साचा कोरून, घासून पुढच्या सालची गाडी करायची. पाटी पुसून नवा धडा लिहावा तसं. त्यामुळे कित्येक सालच्या गाड्यांचा साचा जगात उरलेलाच नाही. तेव्हा जी किट्स विकली गेली तेवढीच. त्यातली बरीचशी पोरांनी फटाके लावून उडवली. (आम्ही दिवाळीत किल्ल्यावरचे मावळे उडवले, तेव्हा बोलायची सोय नाही.)

आम्ही राहतो ते गाव विस्कॉन्सिनमध्ये, केनोशापासून जवळ. केनोशात एके काळी अमेरिकन मोटर्सचा अवाढव्य कारखाना होता. १९५४ मध्ये नॅश-केल्व्हिनेटर आणि हडसन या दोन कंपन्या एक होऊन अमेरिकन मोटर्स जन्मली. होय, केल्व्हिनेटर म्हणजे तोच, आपल्या घराघरांत फ्रिजवर लिहिलेलं असायचं ते नाव! मी हे आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग गाड्या थंडच असणार." बाकी आईचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता. या कंपनीच्या गाड्या मास्तरांनी आणि पाद्र्यांनी चालवाव्यात अशा, काटकसरी. त्यातली सर्वांत साधी रॅम्बलर. अमेरिकेत रॅम्बलर या नावाचं शेवटचं वर्ष १९६९. त्याच वर्षी, जाता जाता, कंपनीने एक वेडेपणा केला. गिअरच्या दांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या हर्स्ट कंपनीला जोडीला घेतलं आणि या गरीब गायीत ३९० घनइंचाचं, ३१५ अश्वशक्तीचं इंजिन बसवलं. नाव ठेवलं एससी/रॅम्बलर. किंमत २,९९८ डॉलर. बाजू लालभडक, बाकी पांढरी, वरून निळा पट्टा, बॉनेटवर हवा आत घ्यायला उंच नाक आणि त्या नाकाकडे बोट दाखवणारा भलामोठा निळा बाण. वर 'एअर' असं लिहिलेलं, न जाणो कुणाला कळलं नाही तर! सर्कशीतल्या विदूषकासारखी दिसते आणि लाल दिव्यावर शेजारी उभ्या असलेल्या भल्याभल्यांना मागे टाकते. एकूण १,५१२ झाल्या.

हे सगळं मला कळलं ते शेजारच्या आजोबांमुळे. (आमची मुलं त्यांना आजोबाच म्हणतात. त्यांनाही आता सवय झाली आहे.) ते त्या कारखान्यात कामाला होते. १९८७ मध्ये क्रायस्लरने कंपनी घेतली, पुढच्या वर्षाअखेर गाड्यांची जुळणी थांबली, तेव्हा ते इंजिनांच्या विभागात गेले आणि तिथूनच निवृत्त झाले. २०१० मध्ये तोही विभाग बंद झाला. तरुणपणी त्यांनी एक जुनी एससी/रॅम्बलर घेतली होती. लग्नानंतर नवराबायको तीच घेऊन लेक सुपीरिअरपर्यंत फिरून आले. पुढे मुली झाल्या, मागची सीट अपुरी पडायला लागली आणि गाडी विकली. ही गोष्ट मी निदान दहा वेळा ऐकली असेल.

आजी आता वृद्धाश्रमात असतात. विस्मरणाचा आजार. मुलींची नावं येतात-जातात, सकाळचं दुपारी आठवत नाही, पण जुनं कधी कधी लख्ख आठवतं. मागच्या हिवाळ्यात बर्फ उपसता उपसता आजोबा म्हणाले, "तू त्या छोट्या गाड्या करतोस ना? आमची करून देशील? तिच्या खिडकीत ठेवीन म्हणतो. माझे हात आता थरथरतात, नाहीतर मीच केली असती."

मी फुशारकीने हो म्हणालो. दुकानात विचारलं, नाही. अशा गाड्या करायची ती डेट्रॉइटची जो-हान कंपनी. क्रोम चकचकीत, आकार अचूक अशी तिची ख्याती, पण ती कधीच मोडीत निघाली आणि तिचे साचे इकडेतिकडे पांगले. शेवटी जुन्या किट्सच्या बाजारात एक पडीक डबा मिळाला. शंभर डॉलरच्या वर गेले. किती वर ते इथे लिहीत नाही, घरचे वाचतात.

डबा उघडला तर प्लास्टिक पिवळट आणि ठिसूळ. तळाचा भाग थोडा वाकलेला, तो गरम पाण्यात धरून सरळ केला. रंग मात्र झकास जमला. लाल आणि पांढऱ्याच्या मधली रेघ मी तीन रात्री मास्किंग टेप लावून काढली. मग बाणाची पाळी. हा बाण म्हणजे डिकॅल. कागदावरचं चित्र पाण्यात सोडायचं आणि अलगद सरकवून चिकटवायचं. पाण्यात सोडलं आणि त्याची बारीक बारीक पापुद्र्यांसारखी शकलं होऊन तरंगायला लागली. इतक्या वर्षांचं चित्र, आधी वर वार्निशचा हात फिरवायला हवा होता. मला हे माहीत होतं. घाई नडली. बाण मी हाताने रंगवला, 'एअर' ही अक्षरं भिंग लावून काढली. दुरून बरी दिसतात.

खरा घोटाळा यापुढचा. आजींचा वाढदिवस दोन दिवसांवर आला होता. पुढची काच बसेना, सारखी निसटत होती. रात्री एक वाजता मी वैतागून झटकन चिकटणारा गोंद लावला. पहिल्या आठवड्यातलं पोरही सांगेल की हा गोंद काचेजवळ न्यायचा नसतो, त्याची वाफ बसते. सकाळी बघतो तर काच आतून पांढरी धुरकट. ओढून काढायला गेलो असतो तर छताचे खांब तुटले असते. घासायला आत हात जात नाही. आणि दुसरी काच? दुसरी काच जगात कुठे मागणार!

त्या पहाटे ओट्याशी चहा घेत उभा असताना मला कळलं की नवीन किट कशाला हवं असतं. दुकानात ते तीस-पस्तीस डॉलरला असतं, तर मी शिव्या घालत जाऊन दुसरं आणलं असतं. चुकायची मुभा असते ती नव्या किटमध्ये. कॅमॅरो बिघडवली तर शंभर कॅमॅरो पडल्या आहेत. ज्या गाडीची कंपनीच उरली नाही, कारखाना जमीनदोस्त झाला, ती मुळात थोडी, तिची किट्स त्याहून थोडी, तिथे एक काच गेली की गेली.

म्हणून माझी यादी आता पोरक्या गाड्यांची आहे. पहिली अर्थात एससी/रॅम्बलर. तिच्या पाठोपाठ तिचीच धाकटी बहीण, १९७० ची रिबेल मशीन. तेच ३९० घनइंच, पण ३४० अश्वशक्ती, आणि सुरुवातीच्या गाड्या अशाच लाल-पांढऱ्या-निळ्या. मग १९७० ची ब्यूक जीएसएक्स. ब्यूक अजून जिवंत आहे हे कबूल, पण ६७८ च गाड्या झाल्या, पिवळ्या नाहीतर पांढऱ्या, दुसरा रंगच नाही. मोनोग्रामने ती पूर्वी केली होती, पण १:२४ मापात. ज्यांना १:२५ च्या रांगेत १:२४ ची गाडी उभी केलेली खुपत नाही ते लोक सुखी आहेत, मी त्यातला नाही.

"पण घेणार कोण?" हा प्रश्न मला मान्य आहे. साचा काढायला प्रचंड खर्च, वर गाडीच्या नावाची परवानगी घ्या, आणि गिऱ्हाईक म्हणावं तर आमच्यासारखी पिकल्या केसांची माणसं. २०१८ मध्ये रेव्हेलच्या अमेरिकन मालकांचं दिवाळं वाजून ती जर्मन गुंतवणूकदारांकडे गेली, तेव्हा सगळ्यांच्याच पोटात गोळा आला होता. तरीसुद्धा मोबियस नावाच्या छोट्या कंपनीने मधे १९५२ ची हडसन हॉर्नेट काढून दाखवलीच की. हडसनला जाऊन अर्धं शतक उलटलं होतं! 'कार्स' सिनेमातला म्हातारा डॉक्टर आठवतो ना, तोही हडसन हॉर्नेटच. म्हणजे कुणीतरी मनावर घेतलं तर होतं. साउथ बेंडची राउंड टू कंपनी जुन्या साच्यांचे हरवलेले भाग नव्याने करून घेते आहे, त्यांच्यावर माझी सगळी भिस्त आहे.

असो. गाडी तर द्यायची होती. आजोबांना आधीच सांगितलं, "काच बिघडली, माझीच चूक." त्यांनी ती हातात घेतली, खिडकीपाशी नेली, उलटी करून पाहिली. म्हणाले, "इंजिनाचा निळा एक छटा गडद झालाय." काचेविषयी चकार शब्द नाही.

आजींकडे मीही गेलो होतो. गाडी मांडीवरच्या पांघरुणावर ठेवली. बराच वेळ त्या नुसत्या बघत राहिल्या. मला वाटलं, काही नाही. आजोबा बोलले नाहीत, मीही नाही. मग त्यांनी अंगातल्या स्वेटरच्या बाहीचं टोक बोटावर ओढून घेतलं आणि ती पुढची काच पुसायला लागल्या. हलकेच, गोल गोल.

"आतून धुकं धरलंय," त्या आजोबांना म्हणाल्या, "हीटर लाव ना. पुढचं काही दिसत नाहीये."

आजोबांनी हात पुढे करून, जिथे हीटरचं बटण असेल तिथे, हवेतच काहीतरी फिरवलं. "लावला," ते म्हणाले. "दोन मिनिटं थांब."