केडगावचा पत्ता

शिरूर

ती. आईस,
सा. न.

पुण्याहून निघालेली एसटी रांजणगावचा महागणपती आणि तिथल्या कारखान्यांची रांग मागे टाकून शिरूरला येते. गावाला लागूनच घोडनदी. एकेकाळी इथे इंग्रजांची छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी इथूनच निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमाची लढाई झाली.

त्या छावणीतला कर्नल वॉलेस १८०९ मध्ये वारला, त्याचं थडगं इथेच आहे. आसपासचे लोक त्याला ‘सत्पुरुष’ मानत आणि सुगीला नव्या धान्याचा नैवेद्य दाखवत, अशी नोंद जुन्या गॅझेटियरात सापडते. परक्या फौजेतल्या माणसाला शेतकऱ्यांनी असा मान द्यावा, हे लढायांच्या इतिहासाइतकंच सांगण्यासारखं आहे.

केडगाव, ता. दौंड

ती. आईस,
सा. न.

शिरूरहून न्हावऱ्यावरून चौफुल्याकडे येणारा रस्ता उसातूनच येतो. पारगावला भीमा ओलांडली की दौंड तालुका लागतो आणि गुऱ्हाळं दिसू लागतात. एकजण चुलवाणात चिपाडं सारतो, दुसरा काहिलीतल्या रसावरची मळी काढतो. गुळव्या मात्र काही न बोलता उकळीकडे बघत उभा असतो. काहील कधी उतरवायची ते त्याचा डोळा ठरवतो. क्षणभर उशीर झाला तर गूळ काळा पडतो. त्यानं मान हलवली की सगळ्यांची धावपळ होते, पाक वाफ्यात ओततात आणि गार होईतो घोटत राहतात.

केडगावला येण्याचं कारण मात्र पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. ‘इंग्लंडचा प्रवास’ हे त्यांचं पुस्तक म्हणजे मुळात १८८३ मध्ये सदाशिव पांडुरंग केळकरांना लिहिलेलं एक लांबलचक पत्र. घरी लिहावं तर घरी कोणी उरलंच नव्हतं. वडील अनंतशास्त्री डोंगरे बायकामुलांना घेऊन तीर्थामागून तीर्थ पायी हिंडले. पोरीचं संस्कृत झालं ते त्या वाटांवर, आईच्या तोंडून. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले, पुढे भाऊ गेला, आणि लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती तोच पतीही गेले. इंग्लंडच्या बोटीत चढताना रमाबाई जेमतेम पंचविशीच्या होत्या आणि सोबत दोन वर्षांची लेक मनोरमा होती.

या मनोरमेला चरित्रकार दोन ओळींत उरकतात, हे पटत नाही. इंग्लंडातल्या वाँटेजच्या ख्रिस्ती मठातल्या सिस्टर जेराल्डिनना रमाबाई ‘आजीबाई’ म्हणत. जिव्हाळा खराच होता, पण लेकीला धर्माचं काय शिकवायचं यावरून दोघींचे पत्रांतून कडाक्याचे वाद झाले. इंग्लंडातही रमाबाई शाकाहारीच राहिल्या आणि हा ताटातला हट्टही मठात खुपला. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या वैद्यकीय पदवीदानासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि तिथेच कामात गुंतल्या. पाच वर्षांच्या मुलीला पुन्हा वाँटेजला धाडावं लागलं. मग अटलांटिकच्या अलीकडून पलीकडे आईची पत्रं जाऊ लागली. त्या काळात अमेरिकेतून किती कर्तबगार पुरुषांनी लेकीला अशी पत्रं लिहिली असतील?

आनंदीबाईंना पदवी मिळाली ती ११ मार्च १८८६ ला. बरोबर तीन वर्षांनी, ११ मार्च १८८९ ला रमाबाईंनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं, पुढे ते पुण्याला आलं. केडगावची जमीन सदनाला उत्पन्न व्हावं म्हणून घेतलेली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, तिथल्या उपाशी मुली पाहिल्या आणि त्यांना घेऊन आल्या. दुष्काळ काय करतो हे त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं. पुण्यात प्लेगची धास्ती, म्हणून या माळावर विहिरी खोदल्या, झोपड्या उभ्या राहिल्या. माग आले, छापखाना आला, मुली खिळे जुळवायला शिकल्या. अंध मुलींसाठी वेगळी सोय झाली. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठीत आणलेलं बायबलही इथेच छापलं.

मनोरमा शिकून परत आली, शाळा सांभाळू लागली, आईचा उजवा हात झाली. १९२१ च्या जुलैत ती गेली, अवघ्या चाळिसाव्या वर्षी. रमाबाई त्यानंतर वर्षभरही राहिल्या नाहीत. ५ एप्रिल १९२२ ला त्यांनी इथेच डोळे मिटले.

केडगाव स्टेशनवरून दौंडला जाणारी गाडी पकडायची आहे. १८७८ मध्ये मनमाडची लाइन जोडली गेली आणि दौंड जंक्शन झालं. कितीतरी घरांचे दिवस अजून तिथल्या गाड्यांवरच उगवतात-मावळतात, ते पुढच्या पत्रात. तोवर वाचनालयातून रमाबाईंचं अमेरिकेचं प्रवासवृत्त आणून ठेव. त्यातलं बायकांच्या स्थितीचं प्रकरण आधी वाच आणि ताईलाही वाचायला दे.

तुझी लेक