सावली सरकते

वसईच्या उन्हाळ्याला आपण फारसे भीत नाही. नागपूरचा पारा ४५ अंशांना टेकतो, आपल्याकडे तो बहुधा ३४-३५ वरच थांबतो, याचे आपल्याला समाधान असते. दारातल्या कुत्र्याला मात्र हे समाधान लाभत नाही.

माणसाच्या सर्वांगाला घाम सुटतो आणि तो वाळताना शरीर निवते. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ पंजांच्या तळव्यांनाच; त्याची सारी भिस्त जिभेवर आणि श्वासावर. धापा टाकताना तोंडातला ओलावा उडतो व रक्त थंडावते. पण समुद्रावरची हवा आधीच ओलाव्याने जड झालेली असली, तर हा ओलावा उडणार कसा? चपट्या नाकाच्या पगसारख्या कुत्र्यांचे हाल तर विचारूच नयेत.

पूर्वी वाडीतला कुत्रा आपला उपाय आपणच शोधी. पाणी दिलेल्या केळीच्या आळ्यात पोट टेकून तो दुपार काढी. आता वाडीच्या जागी फरशी आली आणि गळ्यात साखळी. तोबीतच्या ग्रंथात तरुण तोबिया प्रवासाला निघतो तेव्हा एक कुत्रा सोबत चालतो. त्याला ना नाव, ना काही कामगिरी, तरी ग्रंथकर्त्याने जाताना आणि परतताना त्याची आठवण ठेवली आहे. आपल्याला तेवढेही भान उरत नाही, विशेषतः मे महिन्यात, लग्नसराईत.

मांडवात पाहुणे येणार, कुत्रा भुंकणार, म्हणून सकाळीच त्याला घरामागे बांधतात. पश्चिमेच्या भिंतीला तेव्हा छान सावली असते. मिस्सा, फोटो, जेवणावळ उरकेपर्यंत ती भिंतीच्या पायाशी जाऊन मिटते. साखळी तेवढीच राहते. काही वर्षांपूर्वी आमच्या आळीत असाच बांधलेला कुत्रा एका वाजंत्र्याच्या नजरेस पडला. जीभ लालभडक, लाळ चिकट, पाय लटपटत होते. तापल्या अंगावर गार पाणी नको, असे कोणी वडीलधारे म्हणाले. हा समज जुना आहे. आजचे पशुवैद्यक सांगते, आधी निववा, मग दवाखाना गाठा. वाजंत्र्याने वाद घातला नाही. कुत्र्याला मांडवाच्या सावलीत ओढून विहिरीच्या पाण्याच्या बादल्या त्याच्या पोटावर, काखांत ओतल्या आणि मांडवातला पंखा त्याच्याकडे वळवला. ओला टॉवेल गुंडाळून ठेवायचा नसतो, उष्णता आतच कोंडते. अर्धवट शुद्धीतल्या जनावराच्या तोंडात पाणीही ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते.

कुत्रा उभा राहिला, तरी त्याला डॉक्टरांकडे नेले, हे योग्यच झाले. कुत्र्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असते. ते ४१ च्या वर गेले की मूत्रपिंडांना, रक्ताला इजा होऊ शकते, आणि ती कधी कधी एक-दोन दिवसांनी प्रकट होते.

४ ऑक्टोबरला, संत फ्रान्सिसच्या सणाला, अनेक ठिकाणी प्राण्यांना आशीर्वाद देतात. त्यांना खरी निकड असते ती मे महिन्यात!

त्या घरी पुढे दुसरे लग्न झाले. कुत्रा दिवसभर स्वयंपाकघरात पंख्याखाली होता, शेजारी पाण्याचे जड मातीचे भांडे. आचारी कुरकुरत होते.