अंबाडीची भाजी आणि नायलॉनचा कासरा

भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या की आमच्या घरी अंबाडीची भाजी होते. मराठवाड्यात गौरींना महालक्ष्म्या म्हणतात आणि त्यांच्या नैवेद्याला ज्वारीची आंबील व अंबाडीची भाजी पुष्कळ घरी लागतेच. दरवर्षी मी पहिला घास घेतला की सौ. माझ्या तोंडाकडे पाहते आणि विचारते, "सासूबाईंसारखी नाही ना झाली?" मी म्हणतो, "छान झाली आहे." भाजी छान असतेच. पण आईच्या हातची नसते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक असते.

आईला जाऊन आता बारा वर्षे झाली. तिच्याकडून ही भाजी कुणी लिहून घेतली नाही. कधी विचारलेच तर ती म्हणायची, "त्यात काय लिहायचंय? अंदाजानं घालायचं." तो अंदाज तिच्याबरोबर गेला.

मग मी पुस्तके धुंडाळली. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र' १९१० साली निघाले, कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० साली. 'रुचिरा'ने तर वाटी-चमच्याच्या मापाने महाराष्ट्रातील कितीतरी नव्या सुनांना हात दिला. पण आमच्या काळ्या रानातल्या कण्यांची आणि बांधावरच्या भाजीची चव त्या पुस्तकांत शोधणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ सालच्या पुस्तकात मराठवाड्यातील दलित घरांतील खाणे-पिणे लिहून ठेवले. ते वाचताना मनात आले, की प्रत्येक समाजाच्या, प्रत्येक घराच्या चुलीची अशी नोंद कुणीतरी करायला हवी होती. आपण आपल्या आईची केली नाही.

गेल्या वर्षी महालक्ष्म्यांना चार दिवस राहिले असताना पीक पाहणीसाठी गोरेगावला जाण्याचा योग आला. गोरेगाव हे सेनगाव तालुक्यातले मोठे गाव. १९९९ साली १ मे रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून ते हिंगोली जिल्ह्यात आले. हिंगोली सोडली की रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीनच सोयाबीन. मध्ये तुरीच्या ओळी, पाण्याची सोय असेल तेथे हळदीचे हिरवेगार पट्टे. पाऊस नुकताच उघडला होता. रान डोळ्यांना गार वाटत होते. पण ज्वारीचे उभे धाट पाहीन म्हटले, तर ते काही केल्या दिसेना.

काम आटोपल्यावर बचत गटाच्या बायकांशी बोलणे झाले. मी सहज विचारले, "कण्या घालून अंबाडीची भाजी गावात अजून कोण करतं?" एकमेकींकडे पाहून सगळ्या हसल्या. एक सूनबाई म्हणाली, "आम्ही महालक्ष्म्यांपुरत्या दोन जुड्या बाजारातून आणतो, साहेब. कण्या नाही घालत, बेसन लावतो." दुसरी म्हणाली, "कण्यांची पाहायची असेल तर त्या कडेच्या घरच्या म्हातारीला विचारा. ती अजून जात्यावर दळते."

म्हातारी ओसरीवर लसूण निवडत बसली होती. वय ऐंशीच्या घरातले, पण नजर स्वच्छ. मी म्हणालो, "मावशी, तुमच्याकडून एक भाजी शिकायची आहे." तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "सायेब असून भाजी शिकायलाव? घरची मालकीण रुसली का काय?" मी आईची गोष्ट सांगितली. तशी ती गप्प झाली. लसूण सुपात टाकला आणि काठी घेऊन उठली. "चला मंग. भाजी चुलीपाशी नाई, रानात हाय."

घरामागेच तिचे दोन एकराचे रान. त्यातही सोयाबीनच होते. पण बांधाच्या आत, धुऱ्याला लागून, ज्वारीच्या चार ओळी उभ्या होत्या आणि त्यांना धरून अंबाडीची एक ओळ. तांबूस देठ, हाताच्या पंज्यासारखी फाकलेली पाने. एक पान तोडून तिने माझ्या हातावर ठेवले. मी ते चावले. तोच आंबटपणा! आईबरोबर खुरपायला गेलेला सहा-सात वर्षांचा मी क्षणभर त्या बांधावर उभा राहिलो.

"पयले समद्यांच्या रानात असायची," म्हातारी सांगू लागली. "तिफणीवर घरधनी असायचे, मागं सरत्यावर मी. ज्वारीत तूर, मूग, कडंला अंबाडी. ती काय भाजीसाठी लावायची व्हय? दोरासाठी लावायची! भाजी तर फुकटात यायची."

हे ऐकले आणि मी चपापलो. बी.एस्सी.ला परभणीच्या कृषी विद्यापीठात अंबाडी हे वाखाचे पीक म्हणून मी पाठ केले होते. परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिले होते. पण भाजीशी त्याचा मेळ कधी घातला नव्हता. अंबाडीची धाटे कापून पाण्यात कुजत घालायची, साल सोलून, धुऊन वाख काढायचा, आणि उन्हाळ्यात त्याचे कासरे, दावी, चऱ्हाटे वळायची. ज्याच्या घरी बैल, त्याला दोर हवा. ज्याला दोर हवा, त्याच्या रानात अंबाडी. पुढे नायलॉनचा कासरा आला. तो स्वस्त, भिजला तरी न कुजणारा. मग अंबाडी पेरण्याचे कारणच उरले नाही. भाजी कुणी विसरले नव्हते. ज्या गरजेच्या आधाराने ती रानात उभी होती, ती गरजच संपली होती.

कण्यांचेही तसेच झाले. १९६४ साली सी.एस.एच.-१ ही पहिली संकरित ज्वारी आली. धान्य वाढले, भूक भागली; पण तिच्या भाकरीला गावरान चव नाही, असे जुनी माणसे म्हणत राहिली. खरिपाची ज्वारी ऐन दाण्यात आली की परतीच्या पावसात काळी पडे, तिला भाव मिळेना. नव्वदीच्या दशकात सोयाबीन आले आणि खरिपाची ज्वारी मागे हटत गेली. करडई काटेरी. तिची काढणी करायला मजूर मिळेना. तीही कमी झाली आणि घाण्याच्या तेलाची जागा पिशवीतल्या तेलाने घेतली.

येथे मला एक कबुली दिली पाहिजे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत सोयाबीन लावा म्हणून गावोगाव सभा घेणारा मीच होतो. तणनाशक कसे फवारावे, हे बांधावर उभे राहून मीच दाखवले. सोयाबीनने हातात रोख पैसा दिला, त्यातून मुलांची शिक्षणे झाली, विहिरी झाल्या, हे नाकारणार नाही. ज्वारी मोडून सोयाबीन करणाऱ्याला मी आजही दोष देत नाही. पण धुऱ्यापर्यंत फवारा मारू नका, तेथली अंबाडी, तांदुळजा, घोळ, पाथरी तुमच्याच ताटातली आहे, एवढे एक वाक्य मी त्या सभांतून सांगायला हवे होते. ते मला सुचले नाही.

म्हातारीला हे बोललो, तर ती म्हणाली, "तुमचं काय घेऊन बसलाव? माझ्या लेकानंबी फवारलंच की. म्या म्हणलं, ह्या चार वळी सोड. महालक्ष्म्यांला इकतची भाजी दाखवू का? म्हणून राह्यली." मग हसून पुढे म्हणाली, "बहात्तरच्या दुष्काळात तांबडी मिलो खाल्ली आमी. घशाखाली उतरायची नाई. वाळवून ठिवलेली अंबाडी व्हती, तिच्यासंगं उतरली. तिला कशी इसरू?"

घरी येऊन तिने चूल पेटवली. मी वही उघडली. चार-पाच माणसांची भाजी तिने अशी केली :

अंबाडीच्या दोन जुड्यांची कोवळी पाने खुडून धुतली, थोड्या पाण्यात उकडली आणि पिळून घेतली. पिळलेले आंबट पाणी फेकले नाही, वाटीत बाजूला ठेवले. दुसरीकडे मूठभर ज्वारीच्या कण्या, अर्धी वाटी तुरीची डाळ आणि मूठभर शेंगदाणे साध्या पाण्यात मऊ शिजवले. कण्या तिने आधी तासभर भिजवल्या होत्या. हे शिजल्यावर त्यात अंबाडीचा पाला, ठेचलेल्या चार-पाच हिरव्या मिरच्या व मीठ घालून रवीने घोटले. चव पाहून बाजूचे आंबट पाणी लागेल तेवढेच परत घातले आणि एक कढ आणला. शेवटी तेल कडकडीत तापवून त्यात एक अख्खा गड्डा ठेचलेला लसूण तांबूस केला, दोन सुक्या मिरच्या टाकल्या आणि ती फोडणी वरून ओतली.

मी म्हणालो, "आमच्याकडे पाला, डाळ, कण्या सगळं एकदमच कुकरला लावतात." म्हातारीने कपाळावर हात मारला. "अरे लेकरा, आंबटात कण्या शिजतात व्हय? डाळबी ताठ राहती. आदी शिजवायचं, मंग आंबट दाखवायचं."

हेच ते! आईच्या 'अंदाजा'तला निम्मा भाग हाच होता. आंबटात डाळ आणि धान्य लवकर मऊ होत नाही, हे शास्त्रही सांगते. बारा वर्षे आम्ही मापात चूक शोधत होतो. चूक क्रमात होती. आणखी एक गोष्ट तिने सांगितली. भाजी मातीच्या भांड्यात करावी, पितळेचे असेल तर त्याला कल्हई हवीच. लोखंडाच्या कढईत ती काळी पडते.

कण्यांसाठी तिने ज्वारीला पाण्याचा हात लावून, उखळात कांडून, कोंडा पाखडून टाकला होता. मग जाते जरा हलके ठेवून भरडले आणि पीठ चाळून घेतले. चाळणीवर राहिल्या त्या कण्या. गिरणीवाला मापटंभर ज्वारीसाठी दगड सैल करीत नाही, म्हणून तिचे जाते अजून ओसरीत आहे.

गरम भाकरीबरोबर भाजी खाल्ली. आईची होती का? जवळजवळ होती. काहीतरी किंचित कमी वाटत होते. माझा चेहरा पाहून म्हातारीच म्हणाली, "करडीचं तेल नाई त्यात. करडी कोण पेरतंय आता? मलाबी रोज कमीच लागती." ऐंशी वर्षांची बाई स्वतःच्या हातची भाजी रोज किंचित कमी चवीने खाते आहे, आणि बोलत नाही!

२०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले. शहरात ज्वारीला मोठा मान आला. आमचे तेलंगणातले शेजारी याच अंबाडीच्या कुळातला पाला 'गोंगुरा' म्हणून लोणच्यात घालून वर्षभर खातात. बाजारात त्याला कायम गिऱ्हाईक आहे. आपल्याकडे मात्र ती दोन दिवसांच्या नैवेद्यापुरती उरली आहे. नैवेद्याने ती राखली हेही खरेच. नाहीतर चार ओळीही राहत्या ना.

निघताना म्हातारीने भोपळ्याच्या तुंब्यातून राख झटकून मूठभर बी काढले आणि माझ्या रुमालात बांधले. "पैसे नगं. पुढच्या साली दोन मुठी आणून द्या. मला नाई, माझ्या सुनंला."

यंदा मृगाच्या पावसावर ते बी मी माझ्या वाट्याच्या शेतात धुऱ्याला लावले. वाचक भगिनींनो आणि बंधूंनो, तुम्हालाही एवढेच सुचवतो. सोयाबीन मोडू नका, पण बांधाला धरून अंबाडीची एक ओळ पेरा आणि फवारणी करताना तेवढी कड सोडा. महिना-सव्वा महिन्यात कोवळा पाला मिळू लागतो; शेंडे खुडत राहिले की फुटवे येतात. चार झाडे मात्र न खुडता बियांसाठी राखा. बोंडे वाळली की बी काढून राखेत ठेवा. रब्बीत जमले तर दोन ओळी करडईही टाका. आणि घरात कुणी आजी असेल, तर आज संध्याकाळी तिच्याजवळ वही घेऊन बसा. 'किती घालतेस?' एवढेच विचारू नका. 'आधी काय, मग काय?' हेही विचारा, आणि ते कोणत्या रानातून येत होते तेही लिहून ठेवा.

या महालक्ष्म्यांना सौ.ने कण्या वेगळ्या शिजवल्या. पहिला घास घेतल्यावर तिने नेहमीप्रमाणे माझ्याकडे पाहिले. विचारले मात्र काही नाही. मी भाजी पुन्हा वाढून घेतली. आता डिसेंबरात बी निघेल. दोन मुठी मोजून गोरेगावला द्यायच्या आहेत.