कडेचा रंग

हात थरथरू लागल्यावर आधी चष्म्याला दोष दिला, मग ब्रशला, मग बनारसच्या उकाड्याला. आता हातालाच देतो. चौकटीची जी कड एका दमात ओढायचो, तिला आता दोन दम लागतात. जोड दिसत नाही. म्हणजे मला दिसत नाही.

पण कडेचं दुखणं हाताच्याही आधीचं आहे. ओला रंग धारदार कडेवर थांबत नाही. अंगच्याच ताणाने तो दोन्हीकडे मागे सरकतो आणि ऐन टोकावर नुसता पापुद्रा उरतो. कोपऱ्यात उलटी तऱ्हा. तिथे तो येऊन साचतो, वरून साय धरतो, आत ओला राहतो आणि पुढे सुरकुततो. तेलरंग हवा लागते तिथून, म्हणजे वरूनच, वाळत जातो. एकाच दारात एक जागा उपाशी आणि दुसरीला अजीर्ण.

धार मोडली की कड रंग धरते, हे कुणी सांगायला नको. लोखंडी कामाच्या आंतरराष्ट्रीय मानकातही कडेला किमान २ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई द्यायला सांगितलं आहे, आणि मोठ्या कामांत कडांना सपाटीआधी ब्रशचा वेगळा हात देतात. लोखंडाला ते ठीक. ब्रह्माघाट, दुर्गाघाटाकडच्या मराठी वाड्यांत सुताराने काढलेल्या गलत्यांची सगळी शोभा त्या धारेत असते. ती घासली की दार मुकं दिसतं. मग धार ठेवायची की रंग टिकवायचा? इतकी वर्षं मी याच प्रश्नाभोवती फिरतोय. पॉलिश पेपर नखाएवढा दुमडून धार जेमतेम मारतो, बोटाला कळावी पण डोळ्याला कळू नये इतकीच. मग जवळपास कोरडा ब्रश सपाटीवरून कडेकडे नेऊन बाहेर सोडतो. बाहेरून आत आणला की कड ब्रश पुसून घेते आणि पलीकडे ओघळ. कोपऱ्यात तर रंग लावण्यापेक्षा काढणंच जास्त.

हाताखालचा पोरगा टेप लावतो. त्याची रेघ माझ्यापेक्षा सरळ येते, हे कबूल. पण टेपने रेघ येते, कडेवर रंग चढत नाही. आणि टेप वाळल्यावर काढला तर पायरी उभी राहते. मशीनने फवारणाऱ्यांचं तर बोलूच नये. दारासकट भिंतही चकाकते, आणि कडेवरचा रंग हवेच्या झोताने उडालेला. वाड्यांची लॉज झाल्यापासून देवदिवाळी आली की जुना रंग न खरवडता वर नवा चढवतात. थरावर थर बसून कोपरे बुजले, गलते गेले. लाकडाचं दार प्लास्टिकचं वाटतं.

मला गर्व होता, अजून आहे. सपाट काम पोरांना द्यायचो, कड कुणाला देत नसे. दार झालं की मालकाला म्हणायचो, ‘हात फिरवून बघा’. आणि त्यांचं बोट मीच धरून कडेवर न्यायचो, कारण मध्यभागी कुणाचाही रंग गुळगुळीतच लागतो. शाबासकी मिळाली की मान खाली घालून ब्रश धूत बसायचो, पण कान तिकडेच. आज हात असा असूनही पोराला कड सोडत नाही. तो शिकणार कधी, असं घरचे विचारतात. मी गप्प बसतो.

गंगा ७१.२६२ मीटरची धोक्याची खूण ओलांडते तेव्हा खालच्या गल्ल्यांतल्या चौकटी पाण्यात उभ्या राहतात. पाणी ओसरल्यावर बघा: मधला रंग शाबूत, कड सुटलेली, आणि तिथूनच लाकूड फुगलेलं. सगळ्यात आधी जाते ती दाराची खालची कड. तिच्याकडे कुणी वाकून बघत नाही, म्हणून कुणी रंगवतही नाही.

तेव्हा दार रंगवून घ्याल तर पैसे देण्याआधी दाराखाली आरसा धरा. तिथे कोरं लाकूड दिसलं, तर वरच्या चकाकीचे पैसे कापा. रंगारी मी असलो तरी.