तेलमाखली जमीन आणि तिचे रहिवासी

खनिज तेलाने नासलेली जमीन सूक्ष्मजीवांच्या साह्याने शुद्ध करता येते, हे आता नवल राहिलेले नाही. परंतु त्या शुद्धीचे खरे कर्म काचपात्रात नव्हे, तर उघड्या रानात, ऊन-पावसाच्या अमलाखाली पार पाडावयाचे असते, ही गोष्ट ज्यांच्या सहीने असल्या कामांचे मक्ते दिले जातात त्यांच्याही ध्यानी क्वचितच येते. काचपात्रात निवडक जीवाणूला ऊब, हवा आणि अन्न मागेल तितके मिळते; तोच जमिनीत सोडला म्हणजे तेथील पूर्वापार वतनदार जीवाणूंशी त्याला झगडावे लागते, आणि आदिजीव त्याला गिळून टाकतात ते निराळेच. आनंद मोहन चक्रवर्ती यांनी तेलातील अनेक घटक एकट्याने पचविणारा स्यूडोमोनास सिद्ध केला आणि 16 जून 1980 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्याच्या पेटंटाचा हक्क मान्य केला, हा विज्ञानाच्या इतिहासातील मोठाच प्रसंग. तथापि तो जीवाणू प्रत्यक्ष तेलगळतीवर कधी योजला गेला नाही.

याउलट, 24 मार्च 1989 रोजी एक्सॉन वाल्डीझ हे जहाज अलास्काच्या खडकावर आदळून सुमारे 4 कोटी लिटर तेल समुद्रात सांडले, तेव्हा तेथील किनाऱ्यावर जे शिंपडले गेले ते जीवाणू नव्हते, खत होते. तेल खाणारे जीव तेथे मुळातच होते, तेलरूपी कर्ब त्यांना अपरंपार मिळाला होता, आणि उणीव होती ती नत्राची व स्फुरदाची. खत दिलेल्या जागचे गोटे थोड्याच आठवड्यांत काळ्या किनाऱ्यात उजळ चौकोनासारखे दिसू लागले. पुढील वर्षी बाजारातील जीवाणू-मिश्रणांची तेथेच परीक्षा झाली, तेव्हा ती न वापरलेल्या तुकड्याहून त्यांचा काही अधिक गुण आढळला नाही.

जमिनीत नत्राइतकीच, किंबहुना अधिक, टंचाई असते ती प्राणवायूची. एक किलो तेलाचे पूर्ण विघटन व्हावयास सुमारे तीन किलो प्राणवायू लागतो, म्हणजे दहा घनमीटरांहून अधिक हवेतील सगळाच्या सगळा. आणि तो तेलाने बुजलेल्या रंध्रांतून आत पोहोचावा म्हणून आम्हांस नांगर, कुळव आणि पाळ्या यांचाच आश्रय करावा लागतो. आपल्या दख्खनच्या काळ्या जमिनीत तर ही अडचण दुणावते, कारण ती भिजली की फुगून बंद होते आणि सुकली की भेगाळते. या दोहोंमधला जो वाफसा शेतकरी पेरणीसाठी जपतो, तोच जीवाणूंनाही मानवतो. म्हणून असल्या कामावर मला पदवीधर सहायकाइतकाच, मातीचा गोळा मुठीत दाबून ओल ओळखणारा जाणता गडी मोलाचा वाटतो.

अलास्कातील त्या उजळ चौकोनांविषयी अशी रास्त शंका निघाली होती, की जीवाणूंनी तेल खाल्ले, की खताने ते केवळ धुऊन काढले? तिचा निवाडा होपेन या घटकामुळे करता आला. हा तेलातलाच असून जीवाणूंना सहजासहजी पचत नाही. तेव्हा त्याच्या प्रमाणात इतर घटक किती घटले हे पाहिले म्हणजे, निघून गेलेले तेल कोणते आणि पचलेले कोणते, यांचा छडा लागतो. आमच्याकडील दफ्तरात मात्र बहुधा एकूण तेलाचा आरंभीचा व अखेरचा आकडा तेवढा मागितला जातो, आणि खोल नांगरट करून वरची तेलकट माती खालच्या स्वच्छ मातीत कालविली, तर तेलाचा एक कणही न फुटता तो आकडा निम्म्यावर येऊ शकतो. यास्तव मक्त्याच्या कागदातच होपेनशी तुलना करण्याची अट असावी, त्याच शिवारातील एक तुकडा कोणताही उपचार न करता राखून ठेवावा, आणि दोहोंचे नमुने मक्तेदाराने नव्हे, तर तिऱ्हाइताने, ठरलेल्या खोलीवरून, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर घ्यावेत, असा माझा आग्रह आहे. आणि मातीत शिसे किंवा क्रोमियम निघाले, तर तिची व्यवस्था निराळी लावावी, कारण मूलद्रव्याचे विघटन कोणत्याही जीवाणूच्या आवाक्यातले नाही.