न होणाऱ्या उड्डाणाची तयारी

लढाऊ यंत्रांवर कुणी माया करावी, हे मला कधी पटलं नव्हतं. आणि तरी वेल्सबोर्नच्या छोट्या विमानतळावर, शेक्सपिअरच्या स्ट्रॅटफर्डजवळ, उघड्यावर उभं असलेलं ‘व्हल्कन एक्सएम ६५५’ पाहिलं, तेव्हा नजर हलेना.

अणुबॉम्ब वाहून नेण्यासाठी घडवलेलं हे विमान. भला मोठा त्रिकोणी पंख, त्यात दडलेली चार ऑलिम्पस इंजिनं. आत पाच जण. पण संकटात बाहेर फेकणाऱ्या खुर्च्या फक्त दोघा वैमानिकांना. मागच्या तिघांनी दारातून उडी घ्यायची. १९६४ साली ते ब्रिटिश हवाई दलात आलं, १९८४ मध्ये खासगी मालकाकडे जाऊन इथे उतरलं. तेव्हापासून ते उडालेलं नाही.

शनिवारी स्वयंसेवक जमतात. कुणी हवाई दलातून निवृत्त झालेले, तर कुणाचा विमानाशी पूर्वी काडीचा संबंध नव्हता. पगार नाही, हात मात्र कोपरापर्यंत ग्रीसने माखलेले. पाऊस हा त्यांचा जुना वैरी. पाणी कुठल्या फटीत शिरलं ते हुडकायचं, गंज खरवडायचा, रंग द्यायचा. उभ्या यंत्राची दुखणी वेगळीच: रबरी सील सुकून चिरतात, हायड्रॉलिक तेल झिरपू लागतं, एकाच जागी भार पडून टायर चपटतात. म्हणून इंजिनं अधूनमधून चालवायची, चाकं फिरती ठेवायची.

कधीतरी लोकांसमोर धाव होते. इंजिनांचा तो विख्यात हंबरडा कानांआधी छातीला कळतो. विमान धावपट्टीवर सुसाट निघतं, आता उडेल असं वाटतं आणि नेमक्या त्या क्षणी वैमानिक जोर काढून घेतो. पुढे ब्रेक.

त्याचं भावंड, एक्सएच ५५८, देणग्यांच्या बळावर २००७ मध्ये खरोखर पुन्हा उडालं. २०१५ मध्ये ते कायमचं जमिनीवर आलं, कारण तांत्रिक जबाबदारी घेणाऱ्या कंपन्या मागे हटल्या. त्या पिढीच्या विमानांची विद्या हातात असलेली माणसंच ओसरत चालली होती. धातू माणसांपेक्षा चिवट निघाला. म्हणून वेल्सबोर्नला एखादा म्हातारा तंत्रज्ञ पोरसवदा मुलाला पाना कुठे लावायचा आणि किती आवळायचं ते दाखवतो, तेव्हा विमानापेक्षा नाजूक काहीतरी जपलं जात असतं.

धावून न उडणं मला आधी करुण वाटलं. मग लक्षात आलं, व्हल्कनची नोकरी तरी याहून काय वेगळी होती? १९८२ च्या फॉकलंड युद्धात काही व्हल्कन लढली, तीही अण्वस्त्रांविना. ज्या कामासाठी ती जन्मली, त्यासाठी वर्षानुवर्षं सज्ज राहायचं आणि ते काम कधी येऊच नये, यातच सगळं यश होतं. स्वयंसेवकांनी ती सज्जता तशीच चालू ठेवली आहे. वजा केली आहे ती फक्त भीती. शस्त्राच्या म्हातारपणाची याहून बरी सोय मला तरी सुचत नाही.